ठासणीची बंदूक आणि तरुण हात

कर्जतहून उल्हास नदीच्या खोऱ्याने वर निघाले म्हणजे राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे नावाचे लहानसे गाव लागते. गावाच्या वरच्या अंगाला, दाट झाडीत, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेली बौद्ध लेणी आहेत. चैत्यगृहाच्या दर्शनी भागी एका भग्न मूर्तीपाशी ब्राह्मी अक्षरांत एक ओळ आढळते. कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले, एवढाच तिचा अर्थ. अंतेवासी म्हणजे गुरूच्या जवळ राहून शिकणारा. ज्या माणसाने दगडातून एवढे काम उभे केले, त्याने आपली ओळख सांगताना गुरूचे नाव आधी घातले. हत्याराची विद्या हातावेगळी शिकता येत नाही, ती जाणत्याच्या शेजारी बसूनच शिकावी लागते, ही गोष्ट आपल्या मुलखात दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे. मग ते हत्यार छिन्नी असो, कोयता असो, की बंदूक असो.

आजचा विषय बंदुकीचा आहे. आणि तीही जुन्या, ठासणीच्या बंदुकीचा. तरुणांना तिची ओळख करून द्यावी की नाही, आणि द्यायची तर कशी, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे. हा प्रश्न मनोरंजनाचा वाटेल, पण तो तसा नाही. ही बंदूक दोन प्रकारच्या तरुणांच्या वाटेत येते. एक तरुण सुट्टीच्या दिवशी राजमाचीसारख्या किल्ल्यावर चढतो, तटातील जंग्या पाहतो, आणि या अरुंद फटीतून मावळे नेम कसा धरीत असतील असे विचारतो. त्याला उत्तर मिळते ते बहुधा चित्रपटातून, आणि ते चुकीचे असते. दुसरा तरुण शेतकऱ्याच्या घरचा असतो. त्याच्या घरी किंवा शेजारी, पिकाच्या राखणीच्या परवान्यावर घेतलेली आजोबांच्या वेळची बंदूक असते. दसऱ्याला तिच्यावर झेंडूचे फूल वाहिले जाते, आणि बाकीचे दिवस तिला हात लावू नको एवढेच त्याला सांगितलेले असते. का लावू नको, हे कोणी सांगत नाही. पहिल्याचे अज्ञान फार तर इतिहासाचे नुकसान करील. दुसऱ्याचे अज्ञान जिवावर बेतू शकते.

प्रथम ही बंदूक म्हणजे काय ते पाहू. आजच्या बंदुकीत काडतूस मागच्या बाजूने घालतात. ठासणीच्या बंदुकीची नळी मागून बंद असते. सर्व भरणा पुढून, तोंडातून करावयाचा. आधी मोजलेली दारू ओतायची, तीवर गोळी किंवा छर्रे आणि बोळा घालायचा, आणि लांब गजाने हा सर्व बार तळापर्यंत ठासून बसवायचा. म्हणून ती ठासणीची. नळीच्या बुडाशी एक बारीक छिद्र असते, त्याला कान म्हणतात. बाहेरची ठिणगी या कानातून आत गेली की दारू पेटते आणि बार उडतो.

ही ठिणगी पाडण्याच्या रीती कालानुसार बदलत गेल्या. तोडेदार बंदुकीत सुताचा जळता तोडा कानावरच्या रंजकीला लावीत. पावसात तोडा विझे, आणि अंधारात त्याचा निखारा शत्रूला दिसे. पुढे चकमक आली: घोड्याच्या तोंडात धरलेली गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडी. पानिपतावर १७६१ साली इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी लढल्या त्या या चकमकीच्या बंदुकांनी. अखेरची सुधारणा स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या एका पाद्र्याच्या शोधातून झाली. आघाताने पेटणाऱ्या स्फोटक द्रव्याचा बंदुकीत उपयोग करण्याचे पेटंट त्याने १८०७ साली घेतले, आणि त्यावरून पुढे तांब्याची लहानशी टोपी निघाली. ही टोपी कानावरच्या पोकळ खुंटीवर बसवायची आणि तीवर घोडा पडू द्यायचा. मुले दिवाळीत टिकल्या उडवितात, त्यांचीच ही थोरली बहीण. आज कोकणात राखणीसाठी ज्या ठासणीच्या बंदुका दिसतात, त्या बहुतेक या टोपीच्याच आहेत.

या एवढ्या माहितीने इतिहासाची पाने कशी उघडतात त्याचे एक उदाहरण देतो. १८५७ च्या उठावाचे एक कारण म्हणून चरबी लावलेल्या काडतुसांची गोष्ट प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. पण काडतूस दाताने का तोडावयाचे, हे विचारले तर फार थोड्यांना सांगता येते. नवी एनफील्ड रायफल ठासणीची होती. तिचे काडतूस म्हणजे दारू आणि गोळी एकत्र गुंडाळलेली कागदाची पुडी. एका हातात बंदूक धरलेली, म्हणून पुडीचे टोक दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची, आणि चरबी लावलेल्या कागदासकट गोळी गजाने खाली दाबायची. ती चरबी गाईची की डुकराची ही शंका शिपायाच्या जिभेवरच येऊन ठेपली होती. ठासणीची बंदूक एकदा भरताना पाहिलेल्या मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही.

तरुणांना ही विद्या देण्याची परंपरा महाराष्ट्रात नव्हती असेही नाही. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे (१७९४–१८८१) यांची तालीम प्रसिद्ध होती. त्यांचे वडील १८१७ च्या खडकीच्या लढाईत पडले. लहुजींच्या तालमीत कुस्ती, दांडपट्टा आणि नेमबाजी शिकविली जाई, आणि तेथे जातीचा अडसर नव्हता. जोतीराव फुले तरुणपणी तेथे दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले. याच रायगड जिल्ह्यातील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके हेही लहुजींच्या शिष्यांत मोडतात. जोतीरावांच्या तारुण्याच्या काळातली, म्हणजे १८४० नंतरच्या दशकातली बंदूक ठासणीचीच असणार हे उघड आहे. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, बंदूक तालमीत शिकविली जात होती. म्हणजे जेथे शिस्त आहे, वस्ताद आहे, पहाटे उठून अंगमेहनत आहे, अशा जागी. लाल मातीला नमस्कार केल्यावाचून जसे हौद्यात उतरायचे नाही, तसे वस्तादाच्या शब्दावाचून हत्याराला शिवायचे नाही.

ही साखळी तुटली ती १८७८ च्या शस्त्रकायद्याने. परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले, आणि परवाना देणे सरकारच्या मर्जीवर राहिले. बंदूक गेली नाही, पण तिचे उघड शिक्षण गेले. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली नवा शस्त्र अधिनियम झाला. त्यात परवान्याची अट आहेच. तथापि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद या कायद्याने नाव घेऊन केली आहे. शेतकऱ्याच्या घरी ही जुनी बंदूक टिकली त्याचे हे एक मोठे कारण होय. नाचणी किंवा भात तयार झाले म्हणजे रानडुकरे एका रात्रीत वर्षाचे अन्न तुडवून जातात. अशा वेळी गोळी न घालता काढलेला नुसता बारही पुष्कळ काम करतो.

परंतु परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर रानडुक्कर झाले तरी ते अधिकाऱ्याच्या लेखी आदेशावाचून मारता येत नाही. दुसरे असे की, एकवीस वर्षांखालील व्यक्तीला बंदूक बाळगता येत नाही. पूर्वी ही मर्यादा सोळा होती, ती १९८३ च्या दुरुस्तीने वाढविली. बापाच्या परवान्यावर मुलाने बंदूक खांद्यावर टाकून रानात फिरावे, हे कायद्याला मंजूर नाही. मात्र याच कायद्याने शिकण्याची वाट मोकळी ठेवली आहे. बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलीला नियमांत सांगितलेल्या अटींवर, जाणत्या प्रौढाच्या किंवा शिक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली, प्रशिक्षणापुरती बंदूक हाताळता येते. म्हणजे आपल्या कायद्यालाही अंतेवासी मान्य आहे. गुरूवाचूनचा एकलव्य मात्र मान्य नाही.

आता शिकवावे कसे, याकडे वळू. पहिला धडा नेमाचा नाही, दारूचा तर नाहीच. पहिला धडा गजाचा आहे. काडतुसाची बंदूक मागून उघडली की भरलेली की रिकामी ते डोळ्यांना दिसते. ठासणीची बंदूक आपल्या पोटातले काही सांगत नाही. खुंटीवर टोपी नाही म्हणून ती रिकामी आहे असे मानणे ही घातक समजूत आहे. टोपीवाचूनही आत बार असू शकतो, आणि तो वर्षानुवर्षे तसाच पडून राहू शकतो. यावर जुन्या लोकांनी साधी युक्ती काढली. नळी रिकामी असल्याची खात्री असताना गज तळापर्यंत सोडायचा आणि नळीच्या तोंडाशी जेथे येतो तेथे गजावर खूण करायची. पुढे केव्हाही बंदूक हाती आली की आधी गज सोडून पाहायचा. खूण तोंडाशी आली तर नळी रिकामी. खूण वर राहिली तर आत काही तरी आहे. मग बंदूक माणसाकडे न वळवता जाणत्याच्या स्वाधीन करायची. ही तपासणी चालू असतानाही तोंड निर्धोक दिशेलाच असावे, आणि गजावर कोणी वाकू नये. एवढा एकच धडा घराघरांत गेला तरी या व्याख्यानाचे काम झाले असे मी समजेन.

दुसरा धडा क्रमाचा. दारू, गोळी, गज, आणि सर्वांत शेवटी टोपी. तीही निशाणाच्या रेषेवर उभे राहिल्यानंतर, तोंड निशाणाकडे असताना. हा क्रम मुलांकडून आधी रिकाम्या बंदुकीवर, दारूच्या जागी काहीही न घेता, पन्नास वेळा करवून घ्यावा. क्रमाबरोबर कारणेही सांगावीत, कारण कारण कळलेला नियम मोडावासा वाटत नाही. मोठ्या डब्यातून थेट नळीत दारू ओतायची नाही. आधीच्या बाराचा एखादा निखारा आत राहिला असेल तर सगळा डबा हातात पेटेल. दारू मापात घ्यायची आणि माप ओतायचे. गज तळहाताने दाबायचा नाही, बोटांत धरून ढकलायचा, आणि तोंड नळीवर आणायचे नाही. गोळी दारूला टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुटण्याचा धोका असतो. आणि या बंदुकीत काळी दारूच चालते. आजच्या काडतुसांतली बिनधुराची दारू तीत घालणे म्हणजे नळीचा बाँब करणे होय. घरी दारू करणे तर कायद्यानेही बंद आहे आणि शहाणपणानेही.

क्रम चुकला म्हणजे काय होते, याचा एक मोठा दाखला अमेरिकेच्या यादवी युद्धात मिळतो. १८६३ साली गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून सुमारे साडेसत्तावीस हजार बंदुका गोळा केल्या. लष्करी अहवालाप्रमाणे त्यांपैकी सुमारे चोवीस हजार भरलेल्या निघाल्या. त्यांतल्या निम्म्यांत एकावर एक असे दोन बार होते, कित्येकांत तीनपासून दहापर्यंत होते, आणि एका बंदुकीत तर तेवीस. गोंधळात शिपायाने चाप ओढला, टोपी उडाली, पण बार उडाला नाही; शेजारच्यांच्या आवाजात ते त्याला कळले नाही, आणि त्याने वर दुसरा बार ठासला. ही कवायत शिकलेल्या सैनिकांची गत. मग चोरून बंदूक घेतलेल्या, अंधारात भेदरलेल्या मुलाची काय होईल?

म्हणून तिसरा धडा थांबण्याचा. चाप ओढला आणि बार उडाला नाही, तर बंदूक खाली घ्यायची नाही, वळायचे नाही, नळीत डोकवायचे नाही. तोंड निशाणाकडेच ठेवून मिनिटभर स्वस्थ उभे राहायचे, कारण दारू आत धुमसत असेल तर बार उशिरा उडतो. नंतर काय करायचे ते शिक्षकाने करावे. तरुण रक्ताला मिनिटभर स्तब्ध उभे राहणे हे नेम मारण्याहून कठीण जाते. आणि म्हणूनच हा धडा मोलाचा आहे.

यानंतर नेम. येथे ठासणीची बंदूक एक वेगळीच गोष्ट शिकविते. चाप ओढणे आणि गोळी सुटणे यांत क्षणाचे अंतर असते. चकमकीच्या बंदुकीत तर ते चांगलेच जाणवते. त्या क्षणात ज्याने मान हलविली, डोळा मिटला, त्याची गोळी गेलीच. आवाज होऊन धूर पसरेपर्यंत माशी निशाणावर धरून ठेवावी लागते. आजच्या रायफलीवरही हीच सवय कामी येते. कोल्हापूर जिल्ह्यातील तेजस्विनी सावंत २०१० साली जगज्जेती झाली, त्याच जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. त्यांची हत्यारे अत्याधुनिक; पण चाप ओढल्यानंतरही नेम न सोडण्याचा नियम तोच. फरक एवढाच की, नवी रायफल लहान चूक पोटात घालते, जुनी घालीत नाही. शिवाय नवशिक्याला एक बार भरायला दोन-तीन मिनिटे लागतात. तासाभरात वीस बार झाले तरी पुष्कळ. प्रत्येक गोळीपूर्वी विचार करायला वेळ मिळतो, आणि प्रत्येक गोळीचा हिशेब राहतो.

शेवटचा धडा घरी जाण्याआधीचा. जळलेल्या काळ्या दारूची राख हवेतले पाणी ओढून घेते. आपल्या कोकणच्या दमट हवेत न धुतलेली नळी दुसऱ्या दिवशी गंजू लागते, आणि गंजलेली नळी पुढच्या बाराला दगा देऊ शकते. म्हणून गरम पाण्याने नळी धुवायची, कोरडी करायची, तेल द्यायचे, आणि मगच घर. दारूची काळजी तर आपल्या पूर्वजांनी राज्यकारभाराचा भाग मानली होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यावरील दारूखाना वस्तीपासून दूर असावा, हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी येऊन दारूला ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावी, अशा बारीक सूचना आहेत. तेथे पराक्रमाइतकेच महत्त्व देखरेखीला दिले आहे. तरुणांना शौर्याच्या गोष्टी सांगताना ही बाजू आपण बहुधा गाळतो.

कोणी म्हणेल, हा सगळा खटाटोप कशाला? मुलांच्या हाती पुस्तक द्यावे, बंदूक कशाला? हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला उडवून लावणे बरोबर नाही. बंदूक जीव घेते. तिची चटक लावणे हा शिक्षणाचा हेतू असूच शकत नाही. रानात चोरून जाणाऱ्या टोळीला नवे हात मिळवून देणे तर मुळीच नव्हे. ज्या मुलाला राग आवरत नाही, ज्याला मित्रांपुढे मिरवायचे आहे, त्याला वस्तादाने परत पाठवावे. तालमीतही असेच होत असे. पण बंदूक दृष्टीआड केल्याने ती नाहीशी होत नाही. खुंटीवरची बंदूक खुंटीवर राहते, आणि मुलाचे कुतूहलही तेथेच घुटमळते. जे घरी उघड सांगितले जात नाही ते रानात कोणी तरी सांगतो, आणि तो सांगणारा गज दाखवीत नाही; तो थेट चाप दाखवितो.

जे समाज हत्यार बाळगून आहेत त्यांनी त्याला रीतीचे कुंपण घातलेले दिसते. शेजारच्या कर्नाटकातील कोडगू प्रदेशात कोडवा लोकांना परवान्याच्या अटीतून सूट आहे. तेथे सप्टेंबरच्या सुमारास कैलपोल्द नावाचा सण असतो. त्या दिवशी बंदुकांची पूजा होते, आणि नंतर उंच टांगलेला नारळ फोडण्याच्या शर्यती लागतात. लहानमोठे, बायामाणसे सर्वांसमक्ष नेम धरतात. परदेशांत तर ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र खेळच झाला आहे. १९७१ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरतात, आणि त्यांतल्या काही प्रकारांना इतिहासातली नावे दिली आहेत. तोड्याच्या बंदुकीने उभ्याने पन्नास मीटरवर नेम धरण्याच्या प्रकाराचे नाव तानेगाशिमा; १५४३ साली पोर्तुगीजांकडून ज्या जपानी बेटावर प्रथम बंदूक आली, त्याचे हे नाव. खेळाच्या निमित्ताने इतिहास जिवंत राहतो आणि निशाण कागदाचे राहते.

आपल्याकडे एवढे लगेच होईल अशी आशा मी धरीत नाही. त्याची गरजही नाही. जिल्ह्याच्या नेमबाजी संघटनेने परवानाधारक शिक्षकाच्या हाताखाली, मान्यताप्राप्त चांदमारीच्या मैदानावर वर्षातून दोन दिवस काढावेत. एक दिवस गज, क्रम आणि कायदा यांचा. त्या दिवशी दारूचा कणही आणू नये. दुसरा दिवस ज्यांना पहिला दिवस पचला त्यांचा. मुलाबरोबर त्याच्या घरच्या परवानाधारकालाही बोलवावे, कारण पुष्कळ घरांत आजोबांनाही गजावरची खूण ठाऊक नसते. मुलींना वगळू नये. राखणीच्या रात्री घरात त्याही असतात. आणि किल्ल्यावर येणाऱ्या शहरी मुलांसाठी कान कायमचा बुजवलेली एखादी निकामी बंदूक शाळेत ठेवावी, म्हणजे जंगीमागे उभ्या राहिलेल्या शिपायाला एक बार भरायला किती वेळ लागे, आणि तेवढ्या वेळात त्याला शेजारच्या माणसावर किती विसंबावे लागे, हे त्यांना हाताने कळेल.

बार फुसका निघाला, दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवली, असे आपण रोज बोलतो. भाषेत जी वस्तू इतकी रुजली आहे, ती मुलांना अनोळखी ठेवून आपण काही साधत नाही. तिची ओळख द्यावी. ती मात्र उजेडात, जाणत्याच्या शेजारी, आणि गजापासून द्यावी.